शुगर ‘बॉर्डर’वर आली? घरचं जेवण न सोडता सुरुवात कशी करायची

२०२२ च्या जानेवारीत ऑफिसच्या वार्षिक तपासणीत माझा एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी, ६.२ आला. डॉक्टर म्हणाले, “बॉर्डरवर आहे. गोड कमी करा, चालायला जा.” दोन मिनिटांत मी केबिनच्या बाहेर होते. घरी पोहोचेपर्यंत डोळ्यांसमोर एकच गोष्ट होती, बाबांचा पाय. त्यांना मधुमेह होता आणि शेवटची तीन वर्षं अंगठ्याची जखम भरतच नव्हती. ड्रेसिंग मीच करायचे.

घाबरून मी दुसऱ्या दिवसापासून सगळंच बंद केलं. भात नाही, पोळी नाही, रात्री नुसतं सूप, सकाळी कारल्याचा रस. बाराव्या दिवशी डोंबिवली स्टेशनवर ८.०५ ची लोकल पकडताना डोळ्यांपुढे अंधारी आली. एका अनोळखी ताईंनी हाताला धरून बाकावर बसवलं आणि पर्समधला राजगिऱ्याचा लाडू हातात दिला. त्या दिवशी ठरवलं की असं उपाशी राहून हे वर्षानुवर्षं निभणार नाही. मग आहारतज्ज्ञांकडे गेले, वाचलं, स्वयंपाकघरात मोजमाप केलं आणि हळूहळू वाट सापडली. तीच इथे क्रमाने लिहिते आहे.

हा लेख ज्यांचा आकडा नुकताच हलला आहे, दिवसभर बसून काम असतं आणि जेवण घरचंच असतं, त्यांच्यासाठी आहे. तुम्ही मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेत असाल तर आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला. डोस तोच ठेवून जेवण कमी केलं आणि व्यायाम वाढवला, तर साखर एकदम खाली जाऊ शकते. गरोदर असाल किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तरी आधी डॉक्टरच.

१. आधी आकडे समजून घ्या

‘बॉर्डर’ म्हणजे नेमकं काय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते असं असतं :

- उपाशीपोटी साखर : १०० च्या आत ठीक, १०० ते १२५ मधुमेहपूर्व अवस्था, १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेह.
- एचबीए१सी : ५.७ च्या आत ठीक, ५.७ ते ६.४ मधुमेहपूर्व, ६.५ किंवा जास्त म्हणजे मधुमेह.

उपाशीपोटीच्या तपासणीआधी किमान आठ तास पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. सकाळचा ‘अर्धा कप चहा’सुद्धा नाही. एचबीए१सीला उपाशी राहावं लागत नाही. पण बायकांनी एक गोष्ट पाहावी : रक्तक्षय असेल तर हा आकडा फसवू शकतो. म्हणून त्याच वेळी हिमोग्लोबिनही तपासून घ्या आणि दोन्ही कागद डॉक्टरांना एकत्र दाखवा. एकाच रिपोर्टवर शिक्कामोर्तब होत नाही, खात्रीसाठी चाचणी पुन्हा करतात.

तुम्ही एकटे नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३.६ कोटी लोक मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. या दुसऱ्या गटासाठी वेळ हातातून गेलेली नसते. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात ज्यांनी आहार-व्यायाम बदलून वजन सुमारे सात टक्क्यांनी उतरवण्याचं लक्ष्य ठेवलं, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या २००६ च्या अभ्यासात भारतीय लोकांमध्ये ही घट सुमारे २८ टक्के होती. मुद्दा असा की फरक पडतो आणि तो घरच्या घरी पाडता येतो.

“मी तर बारीक आहे, मला कशाला होईल?” या समजात राहू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये स्वतःचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आपण दिसायला बारीक असलो तरी आतून चरबी बाळगून असतो आणि ती पोटाभोवती जास्त बसते. म्हणून काट्याइतकाच टेपही महत्त्वाचा. भारतीयांसाठी कंबरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० सेंटिमीटर धरतात. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. माझा घेर ८९ होता.

२. जवळ काय काय हवं

- गेल्या दोन-तीन वर्षांचे जुने रिपोर्ट, तारखेप्रमाणे एका फायलीत
- चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी, आयुर्वेदिक धरून
- शिवणकामाचा टेप
- स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा
- एक वही. मोबाईलमधलं ॲप आवडत असेल तर तेही चालेल, पण वही ओट्यावर पडलेली दिसते आणि लिहिलं जातं.
- पायात नीट बसणारे बूट. चपलेवर रोज अर्धा तास चालून माझी टाच दुखायला लागली आणि तीन आठवडे वाया गेले.

तपासणीचा खर्च जमत नसेल तर जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात चौकशी करा. तिशीवरच्या सगळ्यांची साखर आणि रक्तदाब तपासण्याचा सरकारी कार्यक्रम आहे.

३. तीन दिवस काहीही न बदलता फक्त लिहा

ही पायरी सगळे गाळतात. कृपा करून गाळू नका. तोंडात जे जाईल ते लिहायचं, दोन कामाचे दिवस आणि एक रविवार.

माझ्या वहीत ‘जेवण’ वाईट नव्हतंच. वाईट होतं ते जेवणाच्या मधलं. दिवसाला पाच कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. चमचा चार-पाच ग्रॅमचा धरला तरी चाळीस-पन्नास ग्रॅम साखर नुसत्या चहातून. जागतिक आरोग्य संघटना शक्यतो पंचवीस ग्रॅमच्या आत राहा म्हणते. दुसरं होतं उभ्याने खाणं : भाजी फोडणीला टाकताना मूठभर चिवडा, डबे भरताना पोळीचा तुकडा. आणि तिसरं, ज्याच्याकडे आयुष्यात कधी लक्ष दिलं नव्हतं. रात्री सगळ्यांची जेवणं झाली की पातेल्याच्या तळाशी दोन-तीन घास भात उरतो. फ्रिजमध्ये ठेवण्याएवढा नसतो, टाकवत नाही. तो मी ओट्याशी उभी राहून, वर थोडं वरण ओतून खात होते. रोज. घरोघरच्या बायका हे करतात आणि कुणीच त्याला जेवण म्हणत नाही.

उपाय साधा निघाला. तांदूळ मापून, आधीपेक्षा पाव वाटी कमी लावायचा. उरलाच तर डब्यात भरून सकाळी फोडणीच्या भाताला.

४. ताट तेच ठेवा, मापं बदला

आपलं पारंपरिक ताट आठवा. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. मध्ये भाताची मूद आणि पोळी. रचना उत्तम आहे. बिघडलंय ते प्रमाण. कोशिंबीर चमचाभर झाली, भाजी तोंडी लावण्यापुरती राहिली आणि मधला भात-पोळीचा भाग पसरत पसरत कडेपर्यंत गेला.

राष्ट्रीय पोषण संस्था हैदराबादला आहे. तिच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत २००० कॅलरींच्या दिवसासाठी साधारण असा हिशोब दिला आहे : धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, दाणे-तेलबिया ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम आणि दूध-दही ३०० मिली. मांसाहार करणाऱ्यांना डाळींचा काही भाग अंडी, मासे, चिकन यांनी भरून काढता येतो. धान्य-डाळीचे आकडे कच्च्या मालाचे आहेत.

मी वजनकाटा काढला. चौघांच्या डब्याला पाव किलो भेंडी करायचे. म्हणजे माणशी साठेक ग्रॅम. दिवसाला चारशेच्या जवळपासही आम्ही नव्हतो. आता हे करतो :

*कोशिंबीर वाटीभर, तीही आधी.* काकडी चोचवा, किसू नका. किसली की पाणी सुटतं आणि डब्यात तिचा पाणचट गोळा होतो. गाजर, मुळा, कोबी, टोमॅटो, बीट, जे बाजारात स्वस्त असेल ते. दाण्याचं कूट एक चमचा, हिरवी मिरची, कोथिंबीर. मीठ जेवायला बसताना घाला. डब्यात मिठाची पुडी वेगळी न्या.

*मग उसळ, आमटी, भाजी. शेवटी पोळी-भाकरी आणि भात.* भाज्या आणि प्रथिनं आधी पोटात गेली की मागून येणारं पीठ सावकाश पचतं आणि जेवणानंतर साखर तेवढी उसळत नाही. सगळं जेवण असं तोडून खाणं आपल्याला जमत नाही, मलाही जमलं नाही. पहिली पाच मिनिटं मात्र कोशिंबीर आणि उसळ एवढंच खाते. तेवढ्याने भूक शांत होते आणि तिसरी पोळी आपोआप राहते.

*भाजी दुप्पट.* मेथी, चाकवत, अंबाडी, शेपू, पालक यांच्या जुड्या शिजून मूठभर होतात, म्हणून एका वेळी दोन आणा. निवडायला वेळ नसतो हे खरं. रविवारी टीव्हीसमोर सगळ्यांना एकेक जुडी वाटून द्या.

*भात एक मूद.* वाटीने पाडलेली. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, पहिल्या दिवशी म्हणाल्या, “अगं, भाताशिवाय जेवल्यासारखं वाटेल का?” भात बंद नाही, एक मूद आहे आणि वरण दोन वाट्या आहे, हे ताटात पाहिल्यावर त्यांचं समाधान झालं. कोकणातल्या माणसाला भात सोडायला सांगितलं तर तो आठ दिवसांत दुप्पट भातावर परत येतो.

इथला एक सापळा सांगते. “ज्वारीची आहे” म्हणून चार भाकऱ्या खाणारे लोक मी पाहिले आहेत. ज्वारीच्या पिठात दोन तृतीयांश भाग पिष्टमय पदार्थच असतात. तंतू पांढऱ्या तांदळाच्या तिप्पटीहून जास्त असतात, म्हणून ती भातापेक्षा चांगली. पण मोजून. नाचणी, बाजरीचंही तेच.

५. प्रथिनांचा हिशोब एकदा तरी करा

शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे साधारण ०.८३ ग्रॅम. ५८ किलोच्या बाईला अठ्ठेचाळीस ग्रॅम. ‘आम्ही वरण रोज खातो’ एवढ्याने ते भरत नाही, कारण घरच्या पातळ वरणात डाळ किती असते ते आपल्यालाच माहीत.

माझा साधारण दिवस : घट्ट वरण किंवा मटकीची उसळ दोन वाट्या (चौदा ग्रॅम), एक अंडं (सहा), वाटीभर दही (पाच), दोन भाकऱ्या (बारा), मूठभर शेंगदाणे (सात), चहातलं दूध (तीन-चार). झाले. अंडं न खाणाऱ्यांनी पनीर, सोयाबीन किंवा आणखी एक वाटी पिठलं धरावं. मोड आलेली मटकी, मूग, हरभरा, वाल, चवळी यांची आठवड्याची पाळी फ्रिजवर लिहून ठेवा. रात्री भिजवायचं विसरलं की दुसऱ्या दिवशी बटाट्याची भाजी ठरलेली असते.

पोहे, उपमा सोडू नका. पोह्यांत मटार, मोडाचे मूग, दाणे भरपूर घाला आणि पोहे निम्मे करा. थालीपीठ तर सोन्यासारखं आहे : भाजणीत डाळी असतातच, त्यात दुधी किंवा कोबी किसून घाला आणि सोबत लोण्याऐवजी दही घ्या.

६. चहा, पाच वाजताची भूक आणि तेलाची पळी

चहातली साखर एकदम शून्य करू नका. दर दोन आठवड्यांनी अर्धा चमचा कमी करत गेलं की जीभ तक्रार करत नाही. मला दोन चमच्यांवरून पाव चमच्यावर यायला दोन महिने लागले. कपही पाचाचे तीन केले. गूळ किंवा मध घातला तर चालेल का, असं सगळे विचारतात. साखरेच्या हिशोबात तो साखरच आहे.

ऑफिस सुटतानाची भूक ही सगळ्यात अवघड जागा. साडेपाचला पोट रिकामं, स्टेशनबाहेर वडापावचा वास, घरी पोहोचायला अजून दीड तास. इथे मनोनिग्रह कामाला येत नाही, पर्समधली डबी येते. पाच वाजता मूठभर फुटाणे आणि थोडे दाणे, वर पाणी. हे एक केलं तरी रात्रीच्या जेवणावर तुटून पडणं थांबतं.

तेलासाठी फोडणीची पळी उचलून ठेवा आणि चमचा वापरा. आम्हा चौघांत महिन्याला पाच लिटरचा कॅन संपायचा. वरचा २७ ग्रॅमचा हिशोब लावला तर तूप-लोणी धरून सव्वातीन किलो होतात. आता कॅनवर आणल्याची तारीख लिहिते. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे सपाट छोटा चमचा, त्यात लोणचं, पापड, फरसाण सगळं आलं.

पाकिटावरच्या मोठ्या अक्षरांवर विश्वास ठेवू नका, मागची घटकांची यादी वाचा. जो घटक सर्वांत जास्त तो आधी लिहिलेला असतो. ‘मल्टिग्रेन’ बिस्किटाच्या यादीत पहिलं नाव मैद्याचं असेल तर ते मैद्याचं बिस्किट आहे. फळ खा, रस काढू नका. रसात तंतू जातात आणि तीन संत्र्यांची साखर एका ग्लासात येते.

७. शतपावली खरोखर करा

जेवणानंतर पाय चालू लागले की मांड्यांचे मोठे स्नायू रक्तातली साखर थेट वापरायला लागतात. म्हणून जेवल्यावरची दहा-पंधरा मिनिटं फार मोलाची. नाव शतपावलीचं असलं तरी शंभर पावलांवर थांबू नका. दुपारी डबा खाल्ला की मी ऑफिसच्या इमारतीला दोन फेऱ्या मारते. रात्री जेवण आठच्या आत, मग सोसायटीच्या आवारात पंधरा मिनिटं. पावसाळ्यात जिन्याखालच्या पार्किंगमध्ये.

याशिवाय आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालणं हवं. वेग ओळखायची खूण : शेजारणीशी बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. पहिल्या आठवड्यात रोज दहा मिनिटं, दुसऱ्यात पंधरा, असं वाढवा. पहिल्याच दिवशी तास चालून चौथ्या दिवशी घरी बसणारे खूप आहेत. घरकामात चालणं होतंच, असं वाटतं. होतं, पण तुटक तुटक, दम न लागता.

चालताना छातीत दाबल्यासारखं, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणं, नेहमीपेक्षा जास्त धाप लागणं, घाम सुटून गरगरणं, यातलं काहीही झालं तर तिथेच थांबा आणि लगेच डॉक्टर गाठा. “गॅस असेल” म्हणून घरी येऊन झोपू नका.

८. आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम

चाळिशीनंतर स्नायू झिजतात आणि साखर साठवायची जागाच कमी होते. जिम लागत नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा, दहा वेळा, तीन फेऱ्या. भिंतीला हात टेकून जोर. पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या हातात घेऊन खांद्यापर्यंत उचलणं. गुडघे चांगले असतील तर सूर्यनमस्कार. औंध संस्थानच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी ज्याचा घरोघरी प्रसार केला, तो व्यायाम अंग मोकळं करायला आणि दम वाढवायला आजही तितकाच चांगला. तीनपासून सुरू करा, दर आठवड्याला दोन वाढवा. रक्तदाब जास्त असेल किंवा पाठीचं दुखणं असेल तर आधी विचारा.

९. उपवास, सण आणि लग्नसराई

साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, त्यात बटाटा आणि वर गोड दही. एकादशीला माझी साखर घरच्या मशीनवर सगळ्यात जास्त दिसली होती. आता एकादशीला थोडी भगर आणि दाण्याची आमटी, किंवा राजगिऱ्याची भाकरी, काकडीची कोशिंबीर आणि ताक. उपवास मोडत नाही.

गणपतीत मोदक खायचाच. जेवणात एक, फार तर दोन, आणि त्या दिवशी भात वगळायचा. जेवून झाल्यावर चार वाजता चहाबरोबर ‘उरलाय म्हणून’ खाल्लेले दोन मोदक जड जातात. लग्नात आधी कोशिंबीर आणि भाज्यांकडे जा, पंगत असेल तर जिलबी एकदाच वाढून घ्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा घरचं ताट.

१०. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा

तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतो. पंधरा दिवसांत चाचणी करून निराश होऊ नका. वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी सकाळी. कंबर महिन्यातून एकदा. वजन ६८ किलो असेल तर सहा महिन्यांत पाच किलो उतरणं पुरेसं आहे. झोप सात तास हवी. रात्री बारापर्यंत मोबाईल पाहिला की दुसऱ्या दिवशी भूक जास्त लागते, हे माझ्या वहीत स्पष्ट दिसतं.

डॉक्टरांकडे जाताना वही, फाईल आणि लिहून काढलेले तीन प्रश्न घेऊन जा : माझा आकडा कोणत्या दिशेने चाललाय, गोळीची गरज आहे का, पुढची तपासणी कधी. गोळी लागली तर घ्या. आहार-व्यायाम करूनही काहींना लागते, घराण्यातच असतं. आणि कुणाच्या काढ्यावर, रसावर विसंबून चालू असलेली गोळी मनाने बंद करू नका.

माझा एचबीए१सी तीन महिन्यांनी ६.० आणि सहा महिन्यांनी ५.८ आला. कंबर ८९ वरून ८३ वर आली आहे, ८० अजून गाठायचे आहेत. पुढची तपासणी जुलैत आहे. या वेळी नवऱ्याचीही करून घेणार आहे, त्यांच्या घरातही दोघांना मधुमेह आहे आणि त्यांनी कधी तपासलेलं नाही.